निवळलेलं आलं

ती. सौ. आईस,
तुझ्या आल्याच्या वासाच्या हातांना नमस्कार.

काल मी जिंकले! बारच्या मालकांनी आम्हा सगळ्यांना नवं पेय करायला लावलं. जिंकेल त्याची ग्लास धुण्यातून सुटका आणि काउंटरवर कायमची जागा. मी आल्याचा रस तुझ्यासारखाच निवळत ठेवला, खालचा पांढरा साका टाकला. मग गाळलेलं लिंबू, सोडा आणि रम. बाकीच्यांचे ग्लास गढूळ, माझा नितळ!

मालक म्हणाले, "पोरी, कुठे शिकलीस?"

म्हटलं, "आईकडे. रम तेवढी माझी."

हात सोलवटलेत, पण आता बरे होतील. तुझा गुडघा कसा आहे?

बाबा अजून मला 'दारूवाली' म्हणतात? त्यांना हेच रमशिवाय करून दे. दुसरा ग्लास मागितला, की मगच सांग कुणाचं आहे ते.

तुझीच,
काउंटरवाली