बेटांचा फेटा

२ डिसेंबर
शाळेची ऑर्डर आली! वार्षिक कार्यक्रमाचा विषय पुन्हा ‘आपले शेजारी देश’. डोंगरवाला, नदीवाला, बेटवाला — तिन्ही देशांचे पोशाख भाड्याने आपल्याच दुकानातून. पण मुख्याध्यापिकाबाई फोनवर जरा ताठच होत्या. प्रमुख पाहुणे म्हणे बेटवाल्यांच्या वकिलातीतले साहेब. “सगळं अस्सल हवं हं. नाहीतर पुढच्या वर्षी दुसरं दुकान बघावं लागेल.”

अस्सल म्हणजे? आमचं काय नकली आहे?

३ डिसेंबर
ट्रंका उघडल्या. डोंगरवाल्यांच्या पानांच्या टोप्यांवर उंदरांनी ताव मारलाय. नदीवाल्यांचे घागरे मात्र ठणठणीत. तिकडे पुराचं पाणी दारात येतं म्हणून काठ गुडघ्यापर्यंत खोचायचे, हे मला मामंजींनीच शिकवलं. आणि त्यांचा लाडका बेटांचा पोशाख! पिवळी लुंगी, डोक्याला पट्ट्यापट्ट्यांचा जाडजूड फेटा. मी सून म्हणून यायच्याही आधी त्यांनी स्वतः शिवलेला. मी इस्त्री फिरवत होते तर मामंजींचा खुर्चीतून हुकूम — “सूनबाई, टोक डाव्या कानावर यायला हवं!”

“का पण?”

“माहीतगाराने सांगितलंय.”

दरवर्षी हेच. माहीतगार कोण, विचारलं की मिशीत हसतात.

५ डिसेंबर
घात झाला! मामंजींच्या गुडघ्याची पट्टी बदलायला नवी नर्स आली — बेटांवरचीच! पट्टी झाल्यावर मी हौसेने तिला दुकानात नेऊन फेटा दाखवला. आधी बघतच राहिली. मग जी हसत सुटली, ती जमिनीवरच बसली.

“ताई, अहो हा टॉवेल आहे! आंघोळ करून आल्यावर आमचे पुरुष डोक्याला असा गुंडाळतात. असं घराबाहेर कोणी पडत नाही!”

चाळीस वर्षं! चाळीस वर्षं पोरं टॉवेल गुंडाळून परक्या देशाचा मान राखतायत!

नशीब, मामंजी आत डुलक्या काढत होते. त्यांना सांगणार कोण? मी नाही बाई. रस्त्यात ओळखीचा माणूस दिसला की या फेट्याचं कौतुक सुरू करतात ते. दुकान जाईल ते जाईल, पण मामंजींचं तोंड उतरलेलं मला बघवणार नाही.

६ डिसेंबर
नर्स गुणाची आहे. ड्युटी संपवून येते, कापड बेतून देते. खरा पोशाख अगदी साधा निघाला — पांढरा सैल सदरा, निळी लुंगी. डोक्यावर काहीच नाही! “समुद्राच्या हवेत अंग नुसतं चिकचिकतं ताई. डोक्याला एवढं जाड कापड कोण बांधेल?”

खरंच की! मला एवढी साधी गोष्ट सुचू नये?

९ डिसेंबर
पकडले गेले. “हे पांढरं काय?”

“जुने विरलेत, मामंजी.”

सदरा बोटांनी चाचपला. “बरा शिवलायस.” एवढंच. फेट्याचं नावसुद्धा काढलं नाही.

१४ डिसेंबर
उद्या कार्यक्रम. गुडघा सुजलाय, तरी पत्रिकेतलं पाहुण्यांचं नाव वाचल्यापासून मामंजी येणारच म्हणतात. हट्टी माणूस!

१५ डिसेंबर
काय दिवस! मामंजी मांडीवर पिशवी घेऊन पहिल्या रांगेत. पिशवी द्या म्हटलं तर देईनात. पोरं नाचली — पांढरी, निळी, लाटांसारखी! साहेबांनी टाळ्या वाजवल्या, बाई खूश. माझा जीव भांड्यात पडला.

मग साहेब बोलायला उठले. आपल्याच भाषेत, घडाघडा!

“मी याच शाळेत होतो. वडिलांची बदली झाली म्हणून आलो. भाषा येत नव्हती, मित्र नव्हता. तेव्हाही असाच कार्यक्रम होता. दुकानातल्या काकांनी खाणाखुणा करून विचारलं, तुमच्याकडे सणाला काय घालतात रे? मी त्यांना चित्र काढून दाखवलं — पिवळी लुंगी, डोक्याला टॉवेल. टोक डाव्या कानावर!”

सभागृहात हशा पिकला. मी मामंजींकडे बघूच शकले नाही.

“काकांनी माझ्या थापेवर अख्ख्या वर्गाला फेटे शिवले. सगळे टॉवेल बांधून नाचले आणि मी हसून लोळलो. एवढं हसतोस कशाला म्हणून पोरं जवळ आली. तेच माझे पहिले मित्र. ते दुकान आहे का हो अजून?”

मामंजी काठी टेकत उठले. पिशवीतून फेटा काढला! साहेब धावत खाली आले, त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसले. मामंजींनी फेटा बांधला, टोक नीट डाव्या कानावर सोडलं. मग काय, सगळ्या पोरांना फेटा हवा! बाई डोळे पुसत म्हणाल्या, पुढच्या वर्षी दोन्ही पोशाख पाठवा.

रिक्षात मात्र मामंजी रिकाम्या पिशवीची घडी घालत बसले. एवढ्या लोकांसमोर कळलं — आपण फसलो होतो!

१६ डिसेंबर
सकाळी चहा देताना धीर करून म्हटलं, “मामंजी, लहान होता हो तो. मनावर घेऊ नका.”

कपातून तोंड वर न काढता म्हणाले, “अगं, थाप मला तेव्हाच कळली होती. रोज दुकानासमोरून रडत शाळेत जायचं ते पोर. चित्र काढताना पहिल्यांदा हसत होतं.”