प्रीतलची रोखलेली फाइल

३ नोव्हेंबर, सोमवार

आज सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. गोखिवऱ्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात, मशीनवर अंगठा टेकवला आणि हिरवा दिवा लागला. सेकंड इयरला कॉलेज सोडलेल्या सुमेधला नोकरी! आई म्हणाली, आता तरी डोकं थंड ठेव, कॉलेजात सरांच्या अंगावर धावून गेलास तसा इथे कुणाच्या जाऊ नकोस.

काम सोपं आहे. लोकांना एका मोठ्या ॲपवरची आपली सगळी माहिती पुसून हवी असते. सरकारचा नवा नियम आलाय, मागितलं की पुसावंच लागतं. कंपनीने ते काम आमच्या ऑफिसवर ढकललंय. फाइल उघडायची, ओळख पटवायची, ‘पुसा’ दाबायचं. पोलिसांचं पत्र असेल तरच ‘रोखा’. आमचे टोनी सर निर्मळ गावचे, भारी बोलतात. म्हणाले, बाबा, ओळखीचं थोबाड दिसलं की माऊस सोडायचा नि मला हाक मारायची, सासू असली तरी! दुपारी त्यांनी डब्यातली सुकटीची चटणी वाढली. फोन बाहेर लॉकरमध्ये ठेवावा लागतो, म्हणून ही वही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

चार दिवसांत दोनशे एकवीस माणसं पुसली. दोनशे बाविसावी प्रीतल.

उमेळ्याची प्रीतल. फर्स्ट इयरला माझ्या पुढच्या बाकावर बसायची. एकदा वळून तिने पेन मागितलं होतं, ते मी अजून रिफिल बदलून वापरतो. मला ब्लॉक करून सात महिने झाले. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलंय, एक मुलगा खोट्या नावांनी खाती काढून माझ्या मागावर असतो, मला भीती वाटते. पुढे माझं नाव.

डोकं सणकलं. भीती? माझी? खाती काढली, पाच काढली, पण कधी एक वाईट शब्द लिहिला?

टोनी सरांना हाक मारली नाही. पुसलं असतं तर तिचे फोटोही गेले असते. ‘रोखा’ दाबलं. पत्राच्या क्रमांकाच्या जागी आईचा मोबाइल नंबर टाकला. चाललं.

१० नोव्हेंबर, सोमवार

प्रीतलने ॲप कधीच काढून टाकलंय, तरी फाइल भरतेय. वेळेसकट. ‘७.४० आईशी भांडते. ९.१० ॲलिस्टरचा फोन, हसते.’ हा ॲलिस्टर कोण?

टोनी सरांना आडून विचारलं, ॲप काढल्यावर माहिती येते कुठून? म्हणाले, आईचा फोन, मैत्रिणीचा फोन, गल्लीतले कॅमेरे. एक माणूस गप्प बसला म्हणून गाव गप्प बसतं का रे?

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी साडेअकराला फाइलमध्ये दुपारचं लिहिलेलं होतं. ‘४.१५ पाचूबंदर, बोंबील घेते. ४.२० चप्पल तुटते.’

पोटात दुखतंय सांगून निघालो. होड्यांमागे उभा राहिलो. सव्वाचारला ती आली. बोंबील घेतले. चप्पल तुटली. मासळीवाली मावशी तिच्यावर ओरडली, अनवानी नको जाऊ गो, माझी घाल.

मी घरी कसा आलो आठवत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

फाइलमधली कालची पानं परत वाचली. त्या ओळीखाली आणखी एक ओळ होती. सकाळीच लिहिलेली. मी खाली सरकवलंच नव्हतं.

‘४.२१ सुमेध होडीमागून बघतो.’

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बाकीच्या फाइली उघडून पाहिल्या. पुढची वर्षंच्या वर्षं भरलेली. आगाशीच्या एका आजोबांचीसुद्धा.

प्रीतलची उद्या संपते.

‘७.१२ जिना चढते. ७.१४ सुमेध.’

त्याखाली पांढरं. कितीही सरकवलं तरी —

‘पुसा’ दाबलं. होत नाही. रोखलेली फाइल सोडवायला अर्जदार स्वतः लागतो, ओळखपत्रासह. टोनी सरांना सांगू? ते पोलिसांत — नाही.

उद्या उमेळ्याकडे फिरकायचंच नाही. इथे बसून राहायचं. मी तिथे नसेन तर काय होणार?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

टोनी सर साडेसहाला गेले. आतून कडी लावली. बरं वाटतंय.

६.५० — फाइल बदलली. ‘गोखिवरे. रिक्षातून उतरते.’ इथे? — तिला कंपनीचा मेल गेलाय. आपोआप जातो. तुमची फाइल रोखली आहे, आज आठपर्यंत ऑफिसात प्रत्यक्ष या. मी बटण दाबलं म्हणून.

७.०५ — दार उघडायचं नाही. काही झालं तरी.

७.१२ — जिन्यावर पावलं. फोनवर बोलतेय. ॲलिस्टरच. हसतेय. म्हणते, तो येडा? त्याला काय घाबरायचं, आज सगळं पुसूनच येते.

येडा.

मला राग आलेला नाही.

७.१३ — फक्त परत जा सांगतो. शांतपणे. ऐकेल. ऐकायलाच पाहिजे. जातो बाहेर. दार ओढून घेतो, आत तिची फाइल उघडी आहे, तिला दिसायला नको. दोन मिनिटं नुसतं बोल —