वाणातलं पाकीट

३ जानेवारी १९९९
जिनं पंधरा वर्षं पडद्यावर छळलेल्या सुनांची कामं केली, तिचं आरोग्याबद्दलचं बोलणं बायका डॉक्टरपेक्षा जास्त का मानतात? मीही मानते.
चारूताईंकडे नोकरीला लागून तीन महिने झाले. (यापुढे चा.ता. लिहीन.) त्यांच्या नायगावच्या व्यायामकेंद्रात आज चटया कमी पडल्या. एकीनं विचारलं, सिनेमा का सोडलात? म्हणाल्या, आता आईचीच कामं येतात, तेही एक कारण आहे. खरं बोलतात म्हणून आवडतात.
संध्याकाळी वहिनीला दोन आसनं दाखवली. तिनं चा.तां.चे सगळे सिनेमे पाहिलेत. म्हणाली, "एवढं विचार हां त्यांना, रडताना डोळ्यांत काय घालायच्या? मला तर कांद्यानं पण येत नाही."

९ जानेवारी
वालीवच्या गाळ्यात गेले. केंद्रात विकतात ती वजन उतरवायची पूड तिथे तयार होते, पाकिटावर चा.तां.चा फोटो. पोती उघडी होती. एकात बारीक पानं, चपट्या शेंगा. सोनामुखी. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलं त्याचा पहिल्यांदा उपयोग. मालकाला विचारलं, किती घालता?
"थोडी. आयुर्वेदिक आहे ताई, त्यात काय होतंय."
परत येऊन चा.तां.ना सांगितलं, ही जुलाबाची वनस्पती आहे. म्हणाल्या, मी दोन वर्षं घेते, मला काही झालंय का? दिसत तर नाही. पहाटे राजोडीच्या वाळूत माझ्या पुढे पळतात. वय बेचाळीस.

१५ जाने.
आमच्या आळीचं हळदीकुंकू २३ला. चा.ता. पाहुण्या, वाणही त्यांच्याकडून. स्टीलच्या वाट्या आणणार होत्या. मी सुचवलं, वाट्या सगळ्यांकडे पडून आहेत. पुडीची लहान पाकिटं देऊ, सोबत माझी चिठ्ठी, काय खावं, किती चालावं. चा.तां.नी पाठीवर थाप मारली. आज फार बरं वाटतंय. आपल्या शिक्षणाचा आपल्याच आळीला...

१८ जाने.
चिठ्ठीची शेवटची ओळ होती, 'गरोदर बायकांनी ही पूड घेऊ नये.' चा.तां.नी पेन्सिलीनं काट मारली. "अगं, वाणात असलं लिहितात का? एका हातानं ओटी भरायची आणि दुसऱ्या हातानं हे द्यायचं?" घरी आईला विचारलं, तीही अभद्रच म्हणाली. मग ठरवलं, कार्यक्रमात तोंडी सांगायचं. तसं चा.तां.ना कळवलं. चालेल म्हणाल्या.

२३ जाने.
मंडप भरला. चा.ता. छान बोलल्या. "कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे. कष्ट बैलही करतो. त्याची कंबर कोणी विचारत नाही." बायका खूप हसल्या, मग दोघीतिघींनी पदर कमरेवर ओढला.
घरातली पहिली पदवीधर म्हणून माझी ओळख करून दिली. माइक हातात आला. समोर सरपंच, मागे गावातले बाप्ये, दादाही. 'गरोदर' हा शब्द तोंडातून निघेना. पाणी भरपूर प्या म्हणाले आणि बसले. मागून कोणीतरी, "येवढी शिकली नि पानी प्या येवढंच?"
उद्या घरोघरी जाऊन सांगेन.

२९ जाने.
गेले नाही. केंद्रात काम होतं. सहा दिवस काम होतं?
वहिनी पूड घेते. सकाळी अनशापोटी, आंघोळ करून, देवापुढे उभी राहून. दोन दिवस जुलाब होतायत. म्हणते, पोट साफ होतंय, ताईंनी सांगितलेलंच. मी म्हटलं, नको घेऊस. आई म्हणाली, "वान हाय ते. टाकायचं नसतं." मग मी म्हटलं, बरं, अर्धाच चमचा घे.

२ फेब्रुवारी
पहाटे वहिनीला दवाखान्यात नेलं. तिला दिवस गेले होते. अडीच महिने होत आले होते. दादालाही सांगितलं नव्हतं. तिसरा सरेपर्यंत कोणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते, असं तिच्या आईनं बजावलं होतं.
राहिलं नाही.
डॉक्टरीणबाईंना पाकीट दाखवलं. वास घेतला, चिठ्ठी वाचली. म्हणाल्या, जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं हे खरं. पण यानंच झालं असं खात्रीनं सांगता येणार नाही, पहिल्या महिन्यांत असंही होतं. मग विचारलं, "चिठ्ठी कोणी लिहिली?"
मी म्हटलं, केंद्रातून आली.

७ फेब्रु.
आई प्रत्येक येणारीला सांगते, भाजीच्या पाट्या उचलल्या, कोनाचं ऐकत नाय ही. वहिनी भिंतीकडे तोंड करून ऐकते. दादा तिच्याकडे बघत नाही. डॉक्टर काय म्हणाल्या ते मी आईला अर्धंच सांगितलं. खात्री नाही, एवढंच. पुडीचं नाही.
भात वाढते, पेज करते, पाणी तापवते. बाकी काही करत नाही.

१० फेब्रु.
चा.तां.ना सांगितलं. आधी विचारलं, "कोणाकोणाला बोललीस?" मग कपाटातून स्वतःचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला. एकदा नाही घेत त्या, तीनदा घेतात. जेवल्या जेवल्या. आता त्याशिवाय पोट हलत नाही. "पाकिटावर नाव माझं आहे गं. दुसरं काय उरलंय माझ्याकडे?" रडल्या. पडद्यावर रडतात तसं नाही, नाक पुसत, आवाज न करता.
निघताना म्हणाल्या, पुढच्या महिन्यात मोठी जाहिरात आहे, मजकूर तूच लिही. तुझ्यासारखं साधं कोणाला लिहिता येत नाही.
दया आली. रागही आला. पायऱ्या उतरताना दोन्ही.

१४ फेब्रु.
पाकिटं परत मागत आळीत फिरले. प्रत्येक दारात तो शब्द स्पष्ट म्हटला, ओटीवर पुरुष असले तरी. निम्म्या जणींची संपलेली. दोघींनी दिली. एक म्हातारी म्हणाली, "वान परत मागते? तुजं लगीन व्हायचंय अजून, पोरी." एकीनं दार लावून घेतलं. एक मागून धावत आली, पदराखालून पाकीट काढलं, हातात दिलं आणि गेली. लग्नाला वर्षही झालं नसेल तिच्या.
आमच्या घरचं कोणालाच सांगितलं नाही.

१६ फेब्रु.
आज सकाळी सगळे असताना सांगितलं. वाणाची कल्पना माझी. ओळ मी लिहिली होती, खोडू दिली. माइकवर बोलले नाही. अर्धा चमचा घे, असं मीच म्हणाले. पाट्यांमुळं झालं असं यापुढे कोणी म्हणू नये.
आई म्हणाली, "गप. कोनी ऐकंल." दादा हात धुऊन चपला घालून गेला. वहिनी भिंतीकडून वळली.
"त्या दिवशी का नाही बोललीस, शुभा? पंधरा दिवस मी ऐकून घेत होते. मलाही वाटायला लागलं होतं, पाट्यांनीच."
भीती वाटली, एवढंच म्हणता आलं.
दुपारी ती माहेरी गेली. रिक्षात बॅग मी ठेवली. परत कधी, ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आई चुलीपाशी बसून होती, जेवली नाही.

१७ फेब्रु.
चा.तां.चं बोलावणं दोनदा आलं. गेले नाही.
औषधांच्या सरकारी कार्यालयाला पत्र लिहिलं. वालीवच्या गाळ्यात काय पाहिलं ते लिहिलं, चिठ्ठी कोणी लिहिली आणि पाकिटं वाणात वाटायची कल्पना कोणाची तेही. चा.तां.चं नाव आधी गाळलं होतं. लिहिलं. खाली माझं पूर्ण नाव, बी.एस्सी., घरचा पत्ता. सोबत एक पाकीट.
अकराच्या सुमाराला पोस्टात जाऊन रजिस्टर करून आले.