हिरव्या रंगाखालची पट्टी

आप्पा, तुमच्या टेम्पोची चॅसी आज उघडी पडली. गाडी नुसती पडून राहू नये असा मायचा हट्ट, म्हणून भेस्तानच्या घरापुढे विटांवर चढवून गेले चार रविवार मी ती घासतोय. बॉडीचं फारसं काही नाही, दोन-तीन ठिकाणी पत्रा बदलला की झालं. पण चॅसी जिथे मोडली होती तिथे ग्राइंडर लावला आणि मधेच बंद करून बाजूला फेकला. रागाने, आप्पा.

दसरा आला की गाडीला नवा रंग, ही तुमची रीत. जुना खरवडायचा नाही, त्याच्यावरच नवा. गंज दिसला की पुट्टी भरायची, वर रंग, वर झेंडूचा हार. आधी घासू या म्हटलं, तर सणाला गाडीवर ओरखडा काढू नये म्हणून मला गप्प करायचात. शेवटचा रंग हिरवा. त्या हिरव्याखाली आज लोखंडी पट्टी निघाली, तडा गेलेल्या जागी वेल्ड केलेली आणि मधोमध फाटलेली. अपघातानंतर या गाडीला कधी रंग लागलाच नाही. म्हणजे तडा गेलाय हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं.

तरी त्या सकाळी किल्ली माझ्या हातात दिलीत. लूमवरचे कापडाचे ताके तुम्हीच भरलेत, दाबून दाबून. लेस लावलेल्या साड्यांचं गाठोडं बाजारात पोचवायला निघालेली माय त्या ताक्यांवर बसली, तेव्हाही तुमच्या तोंडून शब्द फुटला नाही. पुलाच्या चढावर गाडी मोडली आणि तिचा पाय पत्र्याखाली गेला. दवाखान्याच्या पायरीवर सगळ्या नातेवाइकांदेखत तुम्ही एवढंच म्हणालात, "गाडी तुना हातमा व्हती."

वीस वर्षं मी ते वाक्य वागवतोय. माय लंगडत पाणी भरायला निघाली की मी मान खाली घालतो. तिने मला कधी दोष दिला नाही, पण तुझी चूक नव्हती असंही कधी म्हणाली नाही. तुम्ही गाडीवर ताडपत्री टाकलीत, मरेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाहीत, आणि मी मूर्ख, मला वाटायचं तुम्हाला दुःख झालंय. चोराच्या उलट्या बोंबा निदान ऐकू तरी येतात. तुम्ही तर गप्प बसून माझं आयुष्य नासवलंत. दुपारी भिंतीवरचा तुमचा फोटो काढून माळ्यावर टाकावा असं वाटलं. खुर्चीसुद्धा ओढली होती.

संध्याकाळी माय काठी टेकत बाहेर आली. टेम्पोच्या पत्र्यावरून हात फिरवत तिने विचारलं, "रंगना खाले काय निंघनं रे?"

सगळं ओठांवर आलं होतं. ती पट्टी दाखवली असती, तर वीस वर्षांनी मी सुटलो असतो.

"गंज," मी म्हणालो. आणि ती वाकून बघायच्या आत रेड ऑक्साइडच्या रंगाचा ब्रश पट्टीवरून फिरवला.