बिनतेलाचे बोंबील

२ नोव्हेंबर, रविवार

न विचारता आणला! दादरला बनियन घ्यायला म्हणून गेला आणि टॅक्सीतून हे एवढं खोकं घेऊन आला. एअर फ्रायर. काळा, गोल, शहामृगाच्या अंड्यासारखा. माझा मिक्सर फ्रिजवर चढवला आणि ओट्यावर हे अंडं बसवलं.

मागच्या महिन्यात रामदासचं कोलेस्टेरॉल दोनशे अडतीस आलं. डॉक्टर म्हणाले, तळलेलं कमी करा आणि चाला. पण ऑफिसातला स्वप्नील म्हणाला, मशीन घ्या, साहेब, सगळं खा! आमच्या साहेबांनी डॉक्टर सोडून स्वप्नीलचं ऐकलं.

आईंनी – माझ्या सासूबाईंनी – खुर्चीतून मान लांब करून पाहिलं. "ह्यात कपडे किती मावतत?"

४ नोव्हेंबर, मंगळवार

शाळेतून आले तर रामदास माझ्या आधी घरी. चष्मा लावून माहितीपुस्तिका वाचतोय. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, त्याने चहाच्या पुड्यावरचंसुद्धा कधी वाचलं नाही.

वांग्याचे काप केले. बुटातल्या सोलसारखे झाले. वाया कशाला घालवायचे, म्हणून मी खाल्ले.

मग त्याने पापड टाकला. मशीनच्या वाऱ्याने पापड उडाला आणि वरच्या कॉइलला जाऊन चिकटला. धूर! आमच्या चौदाव्या मजल्यावर घरातून सरळ लिफ्टपर्यंत. वॉचमन वर आला. रामदास त्याला म्हणाला, "टेस्टिंग चाललंय."

५ नोव्हेंबर, बुधवार

शेंगदाणे मात्र फार सुंदर भाजले गेले. हे मी त्याला सांगितलेलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

आज जे केलं ते इथेच लिहिते. दुसरीकडे कुठे सांगू?

रविवार म्हणजे बोंबील. त्याने स्वतः लालबागहून आणले, मला हात लावू दिला नाही. तिखट, हळद, कोकमाचं आगळ, रवा – सगळं मला विचारून विचारून, एप्रन बांधून. जाळीत मांडले. पंधरा मिनिटं मशीनसमोर उभा, वाढदिवसाच्या मुलासारखा. टिंग!

उघडलं. रवा सगळा भोकांतून खाली. बोंबील पांढरे, लिबलिबीत, जाळीला मिठी मारून बसलेले. एक उचलायला गेला तर अर्धाच हातात आला.

एप्रन काढला, घडी केली. "ऑफिसात सगळ्यांना सांगून बसलोय गं," एवढंच म्हणाला आणि अंघोळीला गेला.

ती एप्रनची घडी माझ्याच्याने बघवेना. सहा बोंबील अजून शिल्लक होते. कढई ठेवली. भराभर तळले – कुरकुरीत, सोनेरी, आईंच्या हातच्यासारखे. जाळी पुसली, त्यात मांडले, मशीन दोन मिनिटं लावलं. तो टॉवेल गुंडाळून बाहेर आला आणि – टिंग!

"परत एकदा बघितलं लावून," मी म्हटलं. "रवा जाड घेतला."

त्याने चावा घेतला. कुर्रर्र! "अनु!" असा ओरडला की शेजारचा कुत्रा भुंकला. टॉवेलवरच नाचला. आई बघत होत्या. आईंनी कढईपण बघितली होती. त्यांनी बोंबील मागितला.

मशीन परत करायची मुदत उद्या संपते. "आता कशाला परत!" म्हणाला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज पुन्हा केलं. डब्यासाठी सुरमईच्या तुकड्या. पहाटे, तो दाढी करेपर्यंत. वास जावा म्हणून चार उदबत्त्या. आई म्हणाल्या, "कोण येताय काय?"

मीठ बघायला दोन तुकड्या खाव्याच लागल्या.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

हा गावभर सांगत सुटलाय! संध्याकाळी जेवायच्या आधी डबा घेऊन चालत निघतो – परळहून हिंदमाता, तिथून दादर. मित्रांना एकेक तुकडा खिलवतो. "तेलाचा थेंब नाही!" परत येतो तेव्हा डबा रिकामा. स्वतः खाल्लं का विचारलं तर म्हणतो, "लोकांचे चेहरे बघून पोट भरतं."

१६ नोव्हेंबर, रविवार

दहाव्या मजल्यावरची प्रिती आणि तिचा नवरा विकास जेवायला. रामदासनेच बोलावलं – "एकदा बघा तर खरं!"

ते एकला येणार, म्हणून साडेबाराला तळून मोकळी झाले. तेवढ्यात बेल! पंचवीस मिनिटं आधी! उकळत्या तेलाची कढई हातात – ठेवू कुठे? बाथरूममध्ये बादलीवर पाट टाकून त्यावर ठेवली आणि कडी लावली. विकासला हात धुवायचे होते. आई म्हणाल्या, "आत पाणी नाय." विकास म्हणाला, "मग आमच्याकडे खाली आहे, मी येतो." बिचारा लिफ्टने खाली जाऊन हात धुऊन आला.

टिंग! टाळ्या! प्रितीने रामदासच्या ताटातले चार उचलले. तो भात आणि सोलकढीवर जेवला, चेहरा नवरदेवासारखा. उरलेले मी स्वयंपाकघरात उभ्याने खाल्ले – पुरावा नको मागे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

प्रितीने मशीन घेतलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बाराव्या मजल्यावरच्यांनी पण.

२३ नोव्हेंबर, रविवार

प्रितीचा फोन. "वहिनी, आमचे रबर होतायत. नक्की काय करता तुम्ही?"

मी शिक्षिका आहे. एकवीस वर्षं परळच्या शाळेत मुलांना सांगतेय, उत्तर येत नसेल तर 'येत नाही' म्हणा. आणि मी म्हटलं काय? "मशीनला आधी पाच मिनिटं तापू दे. आणि बोंबील आडवे नको, उभे लाव."

उभे! बोंबील उभा राहतो का कधी?

२६ नोव्हेंबर, बुधवार

शाळेत संविधान दिन. मुलांकडून उद्देशिका म्हणून घेतली. मग सातवीतल्या मनूने भाषण केलं – खोटं बोलणारा माणूस दुसऱ्याचं स्वातंत्र्य काढून घेतो, कारण त्याला खरं निवडायची संधीच देत नाही. मुख्याध्यापिकांनी टाळ्या वाजवल्या. मी पाणी प्यायले.

ठरवलं, आज सांगायचंच. घरी आले तर रामदास मशीनला कपड्याचं कव्हर शिवून घेऊन आलेला. कडेला पायपिंग लावलेलं, निळं.

नाही सांगितलं.

३० नोव्हेंबर, रविवार

संपलं!

अकरा वाजता प्रिती ताट घेऊन दारात. ताटात बोंबील – उभे लावून केलेले. चपलेचे पट्टे बरे! "रामदासभाऊ, वहिनी म्हणाल्या तस्संच केलं. मशीन डिफेक्टिव्ह आहे का? बाराव्या मजल्यावरच्यांचं पण तसंच होतंय."

रामदास उठला. "मशीन कधी चुकत नाही, हात चुकतो. बस, समोर करून दाखवतो." मी म्हटलं, अहो, राहू दे, गॅस संपलाय. "गॅस कशाला लागतो?" दोघं माझ्याकडे बघायला लागले.

त्याने मांडले. लावलं. पंधरा मिनिटं प्रिती खुर्चीवर, हा कमरेवर हात ठेवून, मी सिंकपाशी तेच भांडं चौथ्यांदा घासतेय. टिंग!

पांढरे. लिबलिबीत.

रामदास वाकून जाळीत बघत राहिला. "असं कसं झालं?"

आणि आई – अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, वाटाणे सोलता सोलता, अगदी मदत म्हणून – "अगो अनुजा, आधी कढईत नाय तळलेस?"

प्रिती आधी हसली. खूप हसली, भिंतीला टेकली. मग एकदम थांबली. "म्हणजे आम्ही उगाच घेतला?"

रामदास हसला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. "पहिल्या दिवसापासून?"

मी मान हलवली. त्याने मशीनचं बटण बंद केलं, चप्पल घातली आणि खाली गेला. डबा न घेता.

१ डिसेंबर, सोमवार

माझ्याशी बोलला नाही. मशीनशीपण नाही.

३ डिसेंबर, बुधवार

प्रितीकडे गेले. सरळ म्हटलं, "चुकलं माझं. तुला मशीन नको असेल तर मी ठेवून घेते." दारातच उभं ठेवलं मला दोन मिनिटं. मग म्हणाली, "नको. रताळी काय झालीत त्यात, वहिनी! पण बोंबलांचं तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं. मी विकासला म्हणत होते, मलाच येत नाही काही." एवढं बोलून तिने एक रताळं हातावर ठेवलं. खरंच सुंदर झालं होतं.

मलाच येत नाही काही – जिन्यात दोनदा आठवलं ते. लिफ्ट चालू होती तरी चालत आले.

घरी अजून शांतता. आई दोघांच्या मध्ये निरोप पोचवतात. "तो म्हणताय, मीठ दे." तो समोरच बसलेला असतो!

७ डिसेंबर, रविवार

दोन दिवस लिहिलं नाही. पाच आणि सहा डिसेंबर आम्ही दादरला, चैत्यभूमीच्या रांगेसाठी आमच्या सोसायटीचा स्टॉल असतो. दरवर्षीचंच. रामदास पाण्याच्या बाटल्या देतो, मी केळी. एका टेबलामागे उभं राहून माणूस किती वेळ अबोला धरणार? काल दुपारी एक आजी केळं घेऊन पुढे गेल्या आणि हा रांगेकडे बघतच म्हणाला,

"रागावलो नव्हतो गं. लाज वाटली."

"कशाची?"

"मला वाटलं होतं, या घरात स्वयंपाकातलं एक काहीतरी मी बरोबर आणलं."

हातातली केळी तशीच राहिली. चारचौघांत 'अहो' म्हणते, पण तेव्हा तोंडातून एकेरीच आलं. "तुझी ती एप्रनची घडी बघवली नाही मला. म्हणून केलं. पण तुला खोटं जिंकवायला नको होतं."

"बोंबील मात्र भारी होते," तो म्हणाला.

"तू खाल्लेस किती? सगळे वाटलेस!"

तेव्हा हसला. बाटल्या संपल्या म्हणून आणायला गेला, तर पाठमोरासुद्धा हसत होता.

आज मग दोघांनी मिळून खरं खरं केलं. बोंबील रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवलेले, पाणी सगळं काढलेलं. रव्याऐवजी तांदळाचं पीठ. ब्रशने चमचाभर तेल. उलटवायचं काम त्याचं. झाले! तळल्यासारखे नाहीत – बोंबलाची चुलत बहीण म्हणा. पण चांगले. आईंनी दोन खाल्ले आणि म्हणाल्या, "कपड्यांचा मशीन बरा आसा."

तर निकाल असा: शेंगदाणे – हो. रताळी – हो. कालचे बटाटेवडे गरम करायला – हो. सुकट भाजायला – हो, आणि वासही मजलाभर जात नाही. वांग्याचे काप – नाही. पापड – कधीही नाही! बोंबील – दोघं असतील तर. मशीन राहतंय. मिक्सर खाली आला, दोघांना जागा केली. कढईपण राहील, महिन्यातून एकदा, उघडपणे, खिडकी उघडून.

सकाळी सोसायटीत रक्ततपासणीचं शिबिर होतं. रामदासची तपासणी करायचीच होती. टेबलावरची मुलगी म्हणाली, काकू, तुम्ही पण उपाशी आहात ना, बसा, तुमचं पण घेते. मी कधीच तपासलं नव्हतं. घे म्हटलं.

९ डिसेंबर, मंगळवार

रिपोर्ट आले. कोलेस्टेरॉल – एक एकशे ब्याण्णव, एक दोनशे चौऱ्याहत्तर.

रामदासने फोन करून विचारलं, नावांची अदलाबदल झाली आहे का.

नाही झालेली. एकशे ब्याण्णव त्याचं.