गायीच्या कॅलेंडरावरच्या फुल्या

आत्याबाई, तुमचे गुडघे आता कसे आहेत? तिकडे वर पायऱ्या नसाव्यात अशी माझी समजूत आहे. मामंजींचा खोकला थांबला, की अजून पहाटे खाकरून सारी आळी उठवतात? आपली तांबडी गायही तिकडेच आली असेल, तिचं मोडकं शिंग दुखत नाही ना? इकडे तुमचा थोरला लेक बरा आहे, साखर वाढलीय म्हणून फिका चहा पितो आणि तोंड वाकडं करतो. तुमची धाकटी सूनही बरी आहे. ती नेहमीच बरी असते. माझं म्हणाल तर पाळी जाऊन सहा वर्षं झाली, आणि त्या पाळीपायी तुमच्याशी जे भांडायचं राहिलं ते आता कुठे नीट सुचतंय.

परातीचा दिवस आठवतो का? माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. पारगावच्या कारखान्याचा हंगाम चालू, आपल्या वावरात ऊसतोड आलेली, आणि मी चुलीपुढे भाकऱ्या थापतेय. सकाळपासून छाती जड, पोट फुगलेलं, कुणी नुसती हाक मारली तरी रडू येतंय. तुम्ही मागून म्हणता, "थोरले, पीठ किती सांडतीस? माहेरी ह्येच शिकवलं व्हतं का?" मी पिठाची परात उचलते आणि अंगणात भिरकावते. कोंबड्यांची चंगळ झाली. तुम्ही दारात उभ्या राहून ओरडलात, "हिला वारं लागलंय! दर महिन्याला लागतं!" दर महिन्याला, एवढं तुमच्या ध्यानात आलं होतं बघा, पुढचं मात्र नाही. मग मला पेठला माहेरी धाडलंत, उतारा करून आणा म्हणून. महिनाभराने परतले ती तशीच, वर तोंड बंद करून.

पाच-सहा वर्षांनी धाकटी आली. जुन्नरला बारावी केलेली, बोलायला फटाकडी. दुसऱ्याच महिन्यात चुलीपाशी उभी राहून म्हणते, "आत्याबाई, माझी तारीख जवळ आलीय, चार दिवस मला काय बोलू नका, मी चावंन." मला वाटलं, आता हिचीही रवानगी. आणि तुम्ही हसलात! "पड जा गं जरा, भाकऱ्या थोरली टाकंल," म्हणालात. वर तिला गूळ घालून शेवयांची खीर. भाकऱ्या मीच टाकल्या, आत्याबाई, आणि माझीही तारीख त्याच आठवड्यातली होती. त्या खिरीचा वास माझ्या नाकातून अजून गेलेला नाही. एकाच घरात, एकाच तोंडाने, मला वारं आणि तिला खीर. धाकटीचा राग नाही आला मला. हेवा आला, आणि तो रागापेक्षा चिवट असतो.

मग ईर्षेनेच मी उपकेंद्रातल्या नर्सबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "तीन महिने लिहून ठेव. पाळीआधी आठवडाभर त्रास आणि पाळी आली की उतार, असं दिसलं तर वारंबिरं काही नाही, शरीरातलाच फेर आहे. खारट कमी कर, चहा कमी कर, रोज चाल, झोप मोडू नको. आणि जीव नकोसा वाटायला लागला तर लाजत बसू नको, सरळ डॉक्टरकडे जा." घरात लिहायची लाज, म्हणून मी गोठ्यातल्या डेअरीच्या कॅलेंडरावर चिडचिडीच्या दिवशी फुली मारायला लागले. त्याच कॅलेंडरावर तुमचा लेक गायीचा माज फुलीनेच मांडून ठेवायचा, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. त्याने ओळीने फुल्या पाहिल्या, गाय उलटली, भरवलेली राहिलीच नाही, असं समजला आणि गुरांच्या डॉक्टरला बोलावून आणलं. डॉक्टरने आधी हात घालून तपासलं म्हणून बरं, नाहीतर पुन्हा भरवताना गाभ गेला असता. "भाऊ, ही तर चार महिन्यांची गाभण हाय! ह्या फुल्या कुणाच्या मग?" धाकटी पदर तोंडात कोंबून हसतेय, मी शेणाची पाटी उचलून पळतेय, आणि तुम्ही कॅलेंडराकडे बघत उभ्या.

संध्याकाळी तुम्ही ते कॅलेंडर आणून चुलीशेजारी टांगलंत. "गुरांत कशाला लपतीस? माणसांत ये," म्हणालात. "धाकटीनं तोंड उघडलं, तू का न्हाई सांगितलं?" मी म्हटलं, "तुमी विचारलं व्हतं का?" पुढच्या महिन्यापासून भाजीत मीठ कमी पडायला लागलं आणि माझ्या फुलीच्या दिवशी भाकऱ्या तुम्ही टाकायला लागलात. निम्मा त्रास तर नुसती तारीख कळल्यानेच हलका झाला. तरी सांगते, फुल्या मारायला लाल पेन तुम्ही धाकटीला दिलंत आणि मला निळं. मी विसरलेले नाही.

परवा माझी सून चिडून भांडी आदळत होती. मी शांतपणे म्हणाले, "पड जा गं जरा." आवाज हुबेहूब तुमचा. तेव्हा उमगलं, मला हे सोपं जातंय, कारण माझं ते सगळं सरलंय. धाकटी आली तेव्हा तुमचंही सरलं होतं. पण मी आले तेव्हा? परात फेकली त्याच्या तिसऱ्या दिवशी मी बाहेर बसले, आणि दुपारी तुम्हीही. पडवीच्या एका टोकाला तुम्ही गोणपाटावर, दुसऱ्या टोकाला मी घोंगडीवर. मामंजींनी थापलेल्या जाड भाकऱ्या दोघींच्या पुढ्यात, आणि दोघी एकमेकींकडे पाठ करून खातोय. म्हणजे त्या सकाळी चुलीपुढे एक नाही, दोघी पेटलेल्या होत्या. तुमचं दुखणं कुणी कधी मांडलंच नाही, गायीच्या कॅलेंडरावरसुद्धा नाही. मीही विचारलं नाही.

हे पत्र टपालात पडायचं नाही, त्या जुन्या कॅलेंडराच्या गुंडाळीत राहील. पडवीतली ती गोष्ट मी धाकटीला अजून सांगितलेली नाही, सांगणारही नाही. खीर तिची, लाल पेन तिचं, पण तुमच्यासोबत बाहेर बसणं तिच्या वाट्याला कधीच आलं नाही. तेवढं माझं एकटीचं राहू द्या. उत्तर लवकर धाडा, आणि धाडाल तेव्हा माझ्याच नावाने धाडा.