नसलेला पंप

हिंगणघाट, मंगळवार, १८ नोव्हेंबर

निवृत्त झाल्यावर ह्यांनी कॉफीमेकर आणला, त्या सकाळी आम्ही दोघं ओट्याशी उभ्यानेच कॉफी प्यायलो होतो. हे गेले, मशीन मात्र रोज सोबत करायची. आता महिनाभर नुसती थेंब थेंब गळते. एक कप भरेस्तोवर माझा पेपर वाचून होतो.

आज दीर आले. म्हणे इंजिनिअर! मशीन उघडून निकाल दिला, "वहिनी, पंप गेला याचा. भंगारात देऊन टाका." ह्यांची मशीन भंगारात? रडूच आलं. मग पुस्तिका काढून वाचली. ह्या मशिनीत पंप नसतोच. ह्या माणसाने नोकरीभर काय दुरुस्त केलं असेल?

भांडी घासता घासता शांता म्हणाली, "बाई, बोरच्या पाण्याचा चुना जमला असन. निंबूसत टाकून पाहा न." पाण्यात घालून दोनदा चालवलं. थेंब थेंब करता धार लागली! भाऊजी म्हणतात, "मी पेच आवळले नं, म्हणून." लाज म्हणून नाही.

लिहून ठेवते. माझ्यामागे मशीन शांताला द्यावी, ह्यांचा कप लेकीला. भाऊजी तेरवीला येतीलच. त्यांना चहा द्यावा.